हळद, चुना आणि व्हिनेगर: आम्ल-आम्लारी घरी ओळखण्यापासून मोजण्यापर्यंत

आम्ल आणि आम्लारी हा विषय शाळेत आठवी-नववीच्या विज्ञानात येतो आणि पुढे बहुतेकांच्या लक्षात एवढेच राहते, की आम्लात निळा लिटमस लाल होतो आणि आम्लारीत लाल लिटमस निळा होतो. हे खरे असले तरी त्यावरून पदार्थ कोणत्या बाजूचा आहे इतकेच कळते. त्यात आम्ल किती आहे, हे कळत नाही. शिवाय हे ‘किती’ दोन तऱ्हांनी मोजता येते आणि दोन्ही मोजमापांची उत्तरे निरनिराळी येतात. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथे. हा गोंधळ वाचून फारसा दूर होत नाही, हाताने केल्यावर होतो, म्हणून येथे दिलेल्या पायऱ्या स्वयंपाकघर, पानपट्टी आणि औषधांचे दुकान यांत मिळणाऱ्या वस्तूंवरच बेतलेल्या आहेत. शेवटी व्हिनेगरच्या बाटलीवर छापलेला आकडा आपला आपल्याला पडताळून पाहता येईल.

साहित्य आणि सावधगिरी

हळदपूड, लाल कोबीची तीन-चार पाने, लिंबू, दही, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, रंगहीन व्हिनेगर, पानाला लावतात तो खायचा चुना, थोडे स्पिरिट किंवा रंग न घातलेले पातळ सॅनिटायझर, आणि बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर एवढ्या वस्तू जमवाव्यात. मापासाठी ५ मिलिलिटरच्या दोन आणि १ मिलिलिटरची एक अशा सुया नसलेल्या सिरिंज पुरतात. पेले काचेचे घ्यावेत. स्टीलच्या भांड्यात रंगाची छटा ओळखता येत नाही, आणि ॲल्युमिनियमचे भांडे तर मुळीच घेऊ नये, कारण चुना आणि धुण्याचा सोडा या दोहोंची त्याच्याशी अभिक्रिया होते.

या यादीतील सर्वांत धोकादायक वस्तू व्हिनेगर नसून चुना आहे. आम्लाची भीती सर्वांना असते, आम्लारीची नसते. प्रत्यक्षात डोळ्यांना आम्लारीची इजा अनेकदा अधिक खोलवर जाते. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून चुना डोळ्यांत उडण्याचे अपघात लहान मुलांच्या बाबतीत घडतात, म्हणून पुडी मोठ्या माणसाने कात्रीने उघडावी आणि चष्मा लावूनच काम करावे. डोळ्यात चुना गेलाच तर चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

संडास साफ करण्याचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच या दोन वस्तू प्रयोगात आणूच नयेत. त्या एकमेकींत मिसळल्या तर क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो.

पहिली पायरी: हळदीचा अर्क

हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात नवे नाही. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लधर्मी आणि उदासीन द्रावणात पिवळे राहते व आम्लारिधर्मी द्रावणात तांबूस-लाल होते, आणि अंगाचा किंवा कपड्यांचा साबण आम्लारिधर्मी असतो. हळदीचे कुंकू करण्याच्या जुन्या कृतीत चुना किंवा टाकणखार लागतो, तोही याच कारणासाठी.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळते. म्हणून पाव चमचा हळद तीन चमचे स्पिरिटमध्ये ढवळावी, अर्धा तास स्थिर ठेवावी आणि वरचा नितळ पिवळा अर्क लहान बाटलीत काढून घ्यावा. स्पिरिट झटकन पेट घेते, त्यामुळे हे काम गॅसच्या ओट्यापासून दूर करावे. या अर्कात पांढऱ्या टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवल्या की हळदीचा कागद तयार होतो.

माझ्या मते नवशिक्याने लिटमस विकत आणण्याआधी हळदीवर काम करावे, कारण हळदीची उणीव लगेच उघडी पडते आणि दर्शक म्हणजे काय हे त्या उणिवेतूनच कळते. हळदीच्या कागदावर लिंबाचा रस टाकला तरी तो पिवळा राहतो आणि साधे पाणी टाकले तरी पिवळाच राहतो. म्हणजे हळद आम्लारी दाखवते, परंतु आम्ल आणि पाणी यांतला भेद तिला दाखवता येत नाही. प्रत्येक दर्शकाचा रंग बदलण्याचा स्वतःचा एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्याबाहेर तो दर्शक काहीही सांगत नाही.

दुसरी पायरी: कोबीचा अर्क आणि वर्गवारी

लाल कोबीची पाने बारीक चिरून, बुडतील इतक्या डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटे उकळावीत आणि थंड झाल्यावर जांभळे पाणी गाळून घ्यावे. त्यातील रंगद्रव्ये अँथोसायनिन या गटातील आहेत. हीच रंगद्रव्ये जास्वंदीत आणि जांभळातही असतात, त्यामुळे कोबी न मिळाल्यास लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवूनही काम भागते. मात्र कोबीइतक्या वेगवेगळ्या छटा तेथे दिसत नाहीत. हा अर्क फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, नंतर त्याला वास येऊ लागतो.

पांढऱ्या कागदावर काचेचे छोटे पेले ओळीने मांडावेत, प्रत्येकात दोन चमचे अर्क घ्यावा आणि एकेका पेल्यात एकेक पदार्थ थेंबाथेंबाने घालावा. लिंबू आणि व्हिनेगर यांनी अर्क लालसर गुलाबी होतो. दही फडक्यात टांगून खाली उतरलेल्या पाण्याने तो गुलाबीकडे झुकतो, पण तितका लाल होत नाही. डिस्टिल्ड पाण्यात तो जांभळाच राहतो. बोअरचे कठीण पाणी असेल तर निळसर पडतो, कारण त्यात बायकार्बोनेट विरघळलेली असतात. खायच्या सोड्याने अर्क निळा ते निळसर हिरवा होतो, धुण्याच्या सोड्याने स्वच्छ हिरवा होतो, आणि चुन्याचे पाणी भरपूर घातले तर हिरव्यावरून पिवळ्यावर जातो. आता निळ्या पेल्यात लिंबाचे थेंब सोडून पाहावे: फेस येतो, रंग जांभळ्यावर परततो आणि लिंबू आणखी घातल्यास गुलाबी होतो. हा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि आम्ल व आम्लारी एकमेकांचा गुणधर्म नाहीसा करतात त्या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

चव घेऊन ओळखण्याचा मोह मात्र टाळावा. प्रयोगासाठी काढलेला कोणताही पदार्थ, तो लिंबू असला तरी, पुन्हा खाण्यात आणू नये.

रंगामागे काय घडते

स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ साली उप्साला विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात अशी मांडणी केली, की काही पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित आयनांत विभाजन होते. परीक्षकांना ती पटली नाही आणि प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली; त्याच कामासाठी १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या विचारानुसार पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ आम्लारी. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड यांचे पाणी होते आणि उरलेल्या आयनांचा क्षार होतो.

चुन्याला ही व्याख्या चपखल बसते, कारण चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. खायच्या सोड्यापाशी ती अडते. सोडियम बायकार्बोनेटच्या रेणुसूत्रात हायड्रॉक्साइड कोठेच नाही, उलट हायड्रोजन आहे, आणि तरीही कोबीचा अर्क त्यात निळा होतो. हे कोडे १९२३ साली डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेडने आणि इंग्लंडच्या लॉरीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, व्याख्याच बदलून सोडवले: हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, तो स्वीकारतो तो आम्लारी. बायकार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. येथपर्यंत समजले की आपल्या कामापुरता सिद्धान्त पुरतो.

सामू म्हणजे कशाची मोजणी

कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेत, सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली सामूची, म्हणजे इंग्रजीत ज्याला pH म्हणतात त्याची, मोजपट्टी मांडली. विकरांचे (एन्झाइमांचे) काम हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर फार अवलंबून असते आणि ते प्रमाण लिहायला सोयीचा आकडा त्याला हवा होता. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ७ असतो. आकडा जितका खाली, तितके हायड्रोजन आयन अधिक. ही पट्टी साध्या बेरजेची नाही. एक अंक खाली गेला की आयन दहापट होतात, त्यामुळे सामू २ च्या आसपास असलेल्या लिंबाच्या रसात सामू ४ च्या दह्यापेक्षा सुमारे शंभरपट हायड्रोजन आयन असतात. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास आणि चुन्याच्या निवळीचा साधारण १२.४ असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा लागतो.

सामू मोजतो ते फक्त मोकळे झालेले हायड्रोजन आयन. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेले की त्याचे जवळजवळ सगळे रेणू आयन देऊन मोकळे होतात, म्हणून ते तीव्र आम्ल. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल तसे करत नाही. चार टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये कोणत्याही क्षणी दोनशे रेणूंपैकी साधारण एकाचाच हायड्रोजन आयन सुटलेला असतो. बाकीचे रेणू अखंडच असतात. म्हणून व्हिनेगरचा सामू २.४ च्या आसपास राहतो, तर तितक्याच रेणूंच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू शून्याजवळ पोचतो. सौम्य आम्ल आणि विरल आम्ल या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे पक्के ध्यानात घ्यावे: सौम्य-तीव्र हा रेणूचा स्वभाव आहे, संहत-विरल ही त्यात पाणी किती घातले त्याची गोष्ट आहे. शंभर टक्के शुद्ध ॲसेटिक आम्ल सौम्यच असते आणि तरीही ते कातडी भाजते.

आता या व्हिनेगरमध्ये चुन्याचे पाणी घालत गेलो, तर सुटा असलेला एक आयन प्रथम खर्च होतो. तो गेला की समतोल बिघडून दुसरा रेणू फुटतो, मग तिसरा, आणि असे करत दोनशेच्या दोनशे रेणू चुन्याला सामोरे येतात. सामूला जे दिसत नाही ते उदासिनीकरणाने मोजता येते. त्या मोजणीला अनुमापन म्हणतात.

तिसरी पायरी: चुन्याची निवळी

अनुमापनाला ठरावीक संहतीचे द्रावण लागते आणि ते करायला प्रयोगशाळेत नेमका तराजू लागतो. निवळीचे वैशिष्ट्य असे, की ती आपली संहती आपणच ठरवते. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, तळाशी न विरघळलेला चुना शिल्लक असेल तर वरचे पाणी संपृक्त झालेले असते, आणि संपृक्त पाण्यातील चुन्याचे प्रमाण तापमानावरून ठरते. ३० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे १.६ ग्रॅम चुना विरघळतो, २० अंशांना १.७३ ग्रॅम आणि ४० अंशांना १.४१ ग्रॅम. मीठ-साखरेच्या उलट, तापमान वाढले की चुन्याची विद्राव्यता कमी होते.

एक लिटर डिस्टिल्ड पाणी पाच मिनिटे उकळून, झाकून थंड करावे, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ते बाटलीत भरून त्यात खायचा चुना चांगला एक चमचा घालावा, बूच घट्ट लावून अधूनमधून जोराने हलवावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी पांढरा थर आणि वर काचेसारखे नितळ पाणी दिसते. लागेल तेवढीच निवळी सिरिंजने वरून अलगद ओढून घ्यावी. थर हलला आणि गढूळ पाणी सिरिंजमध्ये आले, तर त्यातील घन चुना हिशेबात शिरतो आणि उत्तर बिघडते. बाटली उघडी राहिल्यास पृष्ठभागावर पातळ पांढरी साय धरते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट झाल्याची ती खूण असते.

चौथी पायरी: अनुमापन

सिरिंजने ५ मिलिलिटर व्हिनेगर मोजून त्यात ४५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालावे आणि ढवळावे. या मिश्रणातील १० मिलिलिटर पेल्यात घ्यावे, म्हणजे पेल्यात मूळचे व्हिनेगर बरोबर १ मिलिलिटर आले. त्यात हळदीच्या अर्काचे चार-पाच थेंब टाकावेत, पेला पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि दुसऱ्या सिरिंजने निवळी सोडू लागावे.

पहिल्या थेंबांपासून एक गोष्ट पाहत राहावी. थेंब जेथे पडतो तेथे तांबडा डाग उमटतो आणि पेला फिरवताच नाहीसा होतो, कारण तेवढ्या जागेत क्षणभर चुना जास्त झालेला असतो. सुरुवातीला हा डाग दिसेपर्यंतच विरतो, पुढे तो रेंगाळू लागतो आणि विरताना लाल दोऱ्यासारखा ताणला जातो. डाग असा रेंगाळू लागला की मोठी सिरिंज बाजूला ठेवून १ मिलिलिटरच्या सिरिंजने एकेक थेंब सोडावा. ज्या थेंबाने सगळे द्रावण पिवळ्यावरून नारिंगी-तांबूस होते आणि पेला फिरवल्यावरही अर्धा मिनिट तसेच राहते, तो अंत्यबिंदू. नंतर काही मिनिटांनी रंग पुन्हा पिवळ्याकडे सरकला तर गोंधळून आणखी निवळी घालू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळत असतो.

येथे हळदच का घेतली, त्यालाही कारण आहे. ॲसेटिक आम्ल पुरते संपते तेव्हा द्रावण ७ वर नसते, थोडे आम्लारिधर्मी असते, कारण मागे उरलेला ॲसिटेट आयन स्वतः सौम्य आम्लारी आहे. हळदीचा रंग बदलण्याचा पट्टा त्याच भागात येतो. कोबीच्या अर्कात मात्र एक रंग दुसऱ्यात इतक्या हळूहळू मिसळत जातो, की नेमका कोठे थांबावे हे ठरत नाही; वर्गवारीला तो उत्तम, मापनाला निरुपयोगी.

पहिली खेप अंदाजासाठी समजावी. त्यानंतर एकमेकांशी जुळणारी तीन मापे मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावा आणि त्या तिहींची सरासरी घ्यावी.

हिशेब

७४ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड १२० ग्रॅम ॲसेटिक आम्लाचे उदासिनीकरण करते, कारण चुन्याच्या एका रेणूत दोन हायड्रॉक्साइड असतात आणि आम्लाचा प्रत्येक रेणू एकच हायड्रोजन आयन देतो. ३० अंशांच्या निवळीत दर मिलिलिटरला १.६ मिलिग्रॅम चुना असतो, म्हणजे १ मिलिलिटर निवळी २.६ मिलिग्रॅम ॲसेटिक आम्ल संपवते. समजा, १५.२ मिलिलिटर निवळी लागली. १५.२ गुणिले २.६ म्हणजे साडेएकोणचाळीस मिलिग्रॅम आम्ल १ मिलिलिटर व्हिनेगरमध्ये आहे, अर्थात १०० मिलिलिटरमध्ये ३.९५ ग्रॅम. बाटलीवर ४ टक्के लिहिले असेल तर सिरिंजच्या मापाने याहून जवळचे उत्तर मागू नये. भारतातील खाद्यसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये निदान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते, म्हणजे वरील पद्धतीने निवळी साधारण १४.४ मिलिलिटरपेक्षा कमी लागता कामा नये.

तापमान विसरले तर हा हिशेब फसतो. नाशिकच्या थंडीत २० अंशांवर राहिलेल्या निवळीसाठी २.६ ऐवजी २.८ घ्यावे, आणि विदर्भात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीसाठी २.३. भिंतीवरचा साधा तापमापक या कामाला पुरेसा आहे.

पाचवी पायरी: पाणी घालून पडताळा

आता पेल्यातील १० मिलिलिटर मिश्रणात आणखी ४० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालून अनुमापन पुन्हा करावे. हळदीचे थेंब थोडे वाढवावे लागतील, परंतु निवळी जवळजवळ तितकीच लागेल. पाण्याने सामू वर सरकला, आम्लाचे रेणू मात्र तितकेच राहिले. याच कारणाने पेला आधी डिस्टिल्ड पाण्याने ओला असला तरी चालते, पण व्हिनेगर मोजणारी सिरिंज ओली असलेली चालत नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हा नियम घोकून घेतला जातो. त्यामागचे कारण या एका पायरीत दिसते.

हीच पद्धत लिंबाच्या रसालाही लागू पडते. रस बारीक फडक्यातून गाळून तसाच दहापट विरल करावा. सायट्रिक आम्लाचा एक रेणू तीन हायड्रोजन आयन देतो, म्हणून ३० अंशांच्या निवळीचा १ मिलिलिटर सुमारे २.८ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल संपवतो. रसात हे आम्ल साधारण ५ ते ६ टक्के असते, तेव्हा १८ ते २२ मिलिलिटर निवळी लागेल असे धरून चालावे. मध्येच द्रावण किंचित गढूळ झाले तर ते कॅल्शियम सायट्रेट असते, त्याने मापात फरक पडत नाही. चिंच आणि कोकम यांचे पाणी रंगीत असल्यामुळे हळदीचा बदल त्यात दिसत नाही, शिवाय त्यांत एकापेक्षा अधिक आम्ले असतात. त्यांच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नये.

उरलेली द्रावणे एकत्र करून भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडली तरी चालते. निवळीची बाटली मात्र टाकू नये. तळाशी चुना शिल्लक आहे तोवर तीत उकळून थंड केलेले पाणी भरावे, हलवून रात्रभर ठेवावी आणि झाकणावर ‘चुना, पिऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी.